दामू फर्डेचा वाकडा रकाना

दामू फर्डे शहापूरच्या आमच्या कार्यालयात एकोणीसशे ब्याण्णव साली शिपाई म्हणून लागला. खात्याचं नाव मी सांगणार नाही. आमचं खातं शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुके बघायचं आणि कुणाचंच काम वेळेत करायचं नाही, एवढं पुरे. मी तिथे आवक-जावक सांभाळायची. आलेलं पत्र आवक वहीत, गेलेलं जावक वहीत, आणि मध्ये मी, पाकिटांचे गठ्ठे अन् डिंकाची बाटली. तोंडावर मला सगळे वर्षाताई म्हणायचे. मागे काय म्हणायचे ते मला माहीत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

तर दामू. मूळचा किन्हवलीचा, घरची भातशेती, बारावीपर्यंत शिकलेला. त्याचं कार्यालयातलं काम चहा आणणं आणि फायली हलवणं. पण खरं काम रेघा. छापील वह्या ठाण्याहून यायच्या त्या वर्ष संपल्यावर. मग कोऱ्या वह्यांवर रकाने कोणी आखायचे? दामूने. लाकडी रूळ, लाल शाई, निळी शाई. असे रकाने आखायचा की आमच्यासारख्यांना त्यात लिहायला भीती वाटायची. एकदा आमच्या साहेबांनी वहीत सही करताना रेघ ओलांडली, तर हा पठ्ठ्या दोन दिवस साहेबांशी बोलला नाही. साहेबांना ते कळलंही नाही म्हणा, कारण साहेबच कोणाशी बोलायचे नाहीत.

हे खूळ किती होतं ते त्याची बायको जनी सांगायची. लग्नात पंगत वाकडी बसली, तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बोहल्यावरून उठला आणि पत्रावळी सरळ करत शेवटच्या टोकापर्यंत गेला. जनी म्हणायची, "माझ्या माहेरच्यांना वाटला, जावई किती अगत्याचा! मला तवाच कळला, गेली मी कामातून."

दोन हजार चार साली कार्यालयात कंप्युटर आले आणि वह्या बंद झाल्या. दामूचं तोंड असं झालं की बघवत नव्हतं. रूळ घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा, संध्याकाळी पिशवीत घालून परत न्यायचा. मी म्हटलं, "अरे, पगार मिळतोय ना? रेघा नसल्या तर काय मरशील?" तो म्हणाला, "ताई, तुमची डिंकाची बाटली काढून घेतली तर?" मी बाटली जवळ ओढली. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

त्या कंप्युटरांत लिनक्स नावाची प्रणाली होती, कारण ती फुकट होती. जोडणी करायला एक इंजिनियर दोन दिवसांसाठी आला. आमची दोन उपकार्यालयं होती, एक किन्हवलीला आणि एक पार तिकडे माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याला. तिथले कंप्युटर तारेने आमच्याशी जोडले होते. इंजिनियरने काळ्या पडद्यावर टाइप केलं 'पिंग'. पिंग म्हणजे हाक मारणं. इथून हाक द्यायची, पलीकडचं यंत्र जिवंत असलं तर तिथून ओ येते. दर सेकंदाला एक हाक, आणि पडद्यावर इंग्रजी ओळींचा नुसता लोंढा.

दामू चहा घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "साहेब, याला रकाने नायत?"

इंजिनियर हसला. पण भला माणूस होता. त्याने दामूला 'ऑक' नावाची आज्ञा दाखवली. ओळीतला पहिला शब्द म्हणजे डॉलर एक, चौथा म्हणजे डॉलर चार; हवा तो उचलायचा, नको तो टाकायचा, मध्ये उभ्या रेघा घालायच्या. दामूने चहाचा ट्रे खाली ठेवला. तो चहा कोणीच प्यायला नाही. त्या दिवसापासून दामू आमचा राहिला नाही, ऑकचा झाला.

पुढचे सहा महिने एक जाडं इंग्रजी पुस्तक, एक फाटकी डिक्शनरी आणि दामू. किन्हवलीच्या एसटीत खिडकीशी बसून पुटपुटायचा, "डॉलर एक, डॉलर चार, डॉलर सहा." गावात बोलवा झाली की फर्ड्यांच्या दामूची दुबईला ओळख निघाली. दोघं जण पासपोर्टचं विचारायला घरी येऊन गेले.

पण शिकला हो. एका फायलीत सगळ्या आज्ञा लिहून ठेवल्या, तिला तो 'शेल स्क्रिप्ट' म्हणायचा. सकाळी एक बटण दाबलं की दोन्ही उपकार्यालयांना शंभर-शंभर हाका जायच्या आणि प्रिंटरमधून तक्ता बाहेर यायचा. रेघा अशा सरळ की मला त्याच्या लाल शाईची आठवण झाली. दामू तो कागद उजेडात धरून बघायचा. त्याचा चेहरा पुन्हा माणसात आला होता.

आणि मग वरून आदेश आला. सर्व अहवाल मराठीत आणि विहित नमुन्यात. आमच्या साहेबांना विहित नमुना म्हटलं की ताप उतरतो. ते म्हणाले, "ज्या तक्त्यात काही जातं-येतं, त्यात 'जबाबदार कर्मचारी' हा रकाना हवाच."

आता मी माझ्या पापाकडे येते. मी मान खाली घालून पाकिटं चिकटवत होते. दामू आला. "ताई, पॅकेटला मराठीत काय?"

पिंगच्या हाकेला इंग्रजीत पॅकेट म्हणतात, हे मला कुठे ठाऊक! माझ्या हातात पाकीट, टेबलावर पाकिटं, पदराला डिंक. मी वैतागून म्हटलं, "पाकीट! अजून काय? डोकं नको खाऊ."

झालं. पॅकेटची पाकिटं झाली. तक्त्यात आलं, पाकिटे रवाना, पाकिटे प्राप्त. राहिली ती न पोचलेली. दामूने आधी 'पोचली नाहीत' असं लिहिलं होतं, पण जबाबदार कर्मचाऱ्याच्या रकान्याने जागा खाल्ली होती, आणि कंप्युटर मराठीचा काना-मात्राही वेगळा मोजतो म्हणे. रेघ बाहेर ढकलली जाऊन वाकडी यायची. दामूने चार दिवस जेवण सोडलं. पाचव्या दिवशी हसत आला. "बसला, ताई! बरोब्बर बसला!" त्याला रकान्यात मावणारा शब्द सापडला होता, 'गहाळ'.

रेघ सरळ झाली. आम्ही पेढे खाल्ले. माझी अक्कल त्या दिवशी कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

आता वैशाखऱ्याची जबाबदार कर्मचारी कोण, ते सांगते. ठकू मेंगाळ. गावाबाहेरच्या वाडीतली. घरचे सगळे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परत. ही एकटी मावशीपाशी राहून दहावी झाली, आणि आमच्या उपकार्यालयात रोजंदारीवर लागली. दार उघडायचं, झाडलोट करायची, यंत्र आल्यापासून ते पुसायचं, चालू करायचं, दिवसभर बसायचं. पाच वर्षं एक खाडा नाही. तिला कायम करायची फाईल साहेबांच्या टेबलावर होती आणि त्यात एकच अट उरली होती, की कामाबाबत तक्रार नसावी. कायम झाली तर ती वाडीतली पहिली. नाही झाली तर दिवाळीनंतर डोक्यावर विटा.

वैशाखऱ्याची तार झाडाझाडांतून जायची आणि वांदरं तिच्यावर झोके घ्यायची. त्यामुळे शंभरांतल्या चार-पाच हाका रोज वाटेत मरायच्या. किन्हवलीची तार नवी, तिथे शून्य. म्हणजे रोज सकाळी, सरळ रेघांच्या आत, छापून यायचं: वैशाखरे, पाकिटे रवाना १००, प्राप्त ९५, गहाळ ५, जबाबदार कर्मचारी ठकू मेंगाळ. खाली दामूची सही, साहेबांची सही. मी तो कागद पाकिटात घालून ठाण्याला पाठवायची. मीच!

तीन महिने ठाण्यात तो कोणी वाचला नाही. चौथ्या महिन्यात एकाने वाचला. त्याचं वाटोळं होवो. त्याने बेरीज केली आणि पत्र आलं, 'वैशाखरे येथे चारशे बारा शासकीय पाकिटे गहाळ. संबंधित कर्मचाऱ्यास कारणे दाखवा नोटीस बजावावी व चौकशी करावी.'

ठकू दोन एसट्या बदलून शहापूरला आली. हातात नोटीस. माझ्यासमोर उभी राहिली, रडली नाही. म्हणाली, "ताई, माझ्याकडं तर पोस्टमनपण महिन्यातून दोनदाच येतो. मी कुठली पाकिटं घेतली?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी उठले, दामूला धरलं, साहेबांच्या केबिनमध्ये घुसले आणि सगळं सांगितलं. पाकिटं नाहीत, हाका आहेत, चूक माझ्या तोंडाची. साहेबांनी शांतपणे तक्त्यांचा गठ्ठा पुढे केला. "सही माझी आहे. मी चुकीच्या कागदावर सह्या केल्या असं मी लिहून देऊ?" आणि त्यांनी हात वर केले. ते म्हणण्यापुरते. खरोखर हात वर करायची वेळ ठकूवर आली.

चौकशीचे साहेब ठाण्याहून आले. चष्मा नाकावर, पेन कानावर. दामूला समोर बसवलं.

"या पाकिटांत काय होतं?"

"काय नाय, साहेब."

"रिकामी?"

"रिकामीच असतात."

"रिकामी पाकिटं पाठवता कशाला?"

"पोचतात का बघाया."

"पोचली की?"

"ती परत पाठवतात."

"कशाला?"

"पोचली ते कळवाया."

चौकशीच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही रोज शंभर रिकामी पाकिटं पाठवता, ते रोज पंचाण्णव रिकामी पाकिटं परत करतात, आणि त्यासाठी तीन कार्यालयं आहेत?"

"व्हय," दामू म्हणाला. "पण साहेब, ती पाकिटं नायत."

"मग ब्याण्णव दिवसांच्या तक्त्यांत पाकिटं का लिहिलंय?"

मी मध्ये पडले. "साहेब, तो शब्द माझा आहे. मला द्या नोटीस." ते म्हणाले, "बाई, जबाबदार कर्मचारी या रकान्यात तुमचं नाव नाही." आणि ते खरंच होतं. रकाना फार नीट आखलेला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. प्रात्यक्षिक! ते स्वतः वैशाखऱ्याला जाऊन पंचांसमोर ठकूला अंगणात बसवणार, दोन्ही हात वर. इथून दामूने शंभर पाकिटं सोडायची. हात वर असतानाही गहाळ झाली, तर पोरीचा हात नाही, ती निर्दोष. एकही गहाळ झालं नाही, तर उघडच आहे, एरवी ती हातांनीच घेते.

मी म्हटलं, "अहो, याला काही अर्थ?" ते म्हणाले, "विहित पद्धत आहे."

ठरल्या दिवशी वैशाखऱ्यात जत्रा भरली. वाडीतून माणसं आली, गावातून आली, नाक्यावरच्या हॉटेलवाल्याने भज्यांचा घाणा काढला. पाच पंच. ठकू मधोमध, खुर्चीवर, हात वर. इकडे शहापुरात पडद्यासमोर दामू, मागे मी, आणि साहेब फोन कानाला लावून. पलीकडे हॉटेलातल्या पीसीओवर पंचांतला एक जण.

"सोडा!" साहेब म्हणाले.

दामूने बटण दाबलं. एक गेलं, आलं. दोन गेलं, आलं. दहा. वीस. चाळीस. सगळी येताहेत! तक्ता सुरू झाल्यापासून कधी असं झालं नव्हतं. नंतर कळलं की एवढी गर्दी आणि भज्यांचा धूर बघून वांदरं डोंगरापल्याड पळाली होती. तार निवांत होती.

साठ. सगळी पोचली. ज्या कार्यालयाने जन्मभर काहीही वेळेवर पोचवलं नाही, ते आज एकही चुकवत नव्हतं, आणि तेही त्या पोरीच्या मुळावर. मी दामूच्या कानाशी म्हटलं, "अरे, तक्ता तूच छापतोस ना? एक आकडा बदल. एकच!"

त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं. म्हणाला, "ताई, रकान्यात खोटा आकडा माझ्या हातून नाय पडायचा."

"मग पोरीला विटा उचलू दे!"

डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, पण हात हलला नाही. सत्तर. ऐंशी. ब्याऐंशी.

त्याच्या यंत्राच्या मागून एक निळी वायर निघायची, ती भिंतीवरच्या डबीत जायची. मी वाकले आणि ती खेचली.

पडदा थांबला. मी मनात मोजलं, मारुतीचं नाव घेत मोजलं, आणि परत खुपसली. टक. ओळी पुन्हा धावू लागल्या. साहेब ओरडले, "काय झालं?"

"पाय अडकला," मी म्हटलं. साहेब पुन्हा फोनमध्ये तोंड घालून बसले. दामूने मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पडद्याकडे.

प्रिंटर करकरला. रवाना १००, प्राप्त ९४, गहाळ ६, जबाबदार कर्मचारी ठकू मेंगाळ. साहेबांनी फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे अशी आरोळी उठली की फोन न लावता ऐकू आली असती. हात वर असताना सहा गेली! पोरगी निर्दोष!

चौकशी अहवाल आला तो मी स्वतः कंप्युटरच्या आवक यादीत चढवला. 'पाकिटे आपोआप गहाळ होतात असे दिसून आले. सबब कर्मचारी दोषमुक्त. यापुढे पाकिटे नीट चिकटवावीत.' सोबत डिंकाच्या चोवीस बाटल्या. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये ठकू कायम झाली. आदेशाचं पाकीट मी टपालात टाकलं नाही. पदराखाली घेऊन एसटीने वैशाखऱ्याला गेले, दामूही आला.

चहा पिताना ठकू हसत हसत सांगत होती. पाकिटं सोडायला शंभर सेकंदच लागले, पण त्याआधी पंचांची नावं, वय, राहणार कुठले, हे लिहायला अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ हात वरच. "आणि संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत भज्यांकडं गेले. 'खाली कर' कोण म्हणलाच नाय. मी आपली बसली तशीच. मावशी आली तिनं खाली केलं हात." ती हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. दामू उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने तक्ता बदलला. 'गहाळ' काढला. तिथे आलं, 'तारेत अडकून पोचू न शकलेल्या हाका'. जबाबदार कर्मचारी या रकान्यात, 'कोणी नाही'. एवढं लांबलचक वाक्य त्या जागेत कसं मावेल? उभी रेघ ढकलली गेली, खालच्या ओळीत परत आत आली, त्याखाली पुन्हा बाहेर. साहेब म्हणाले, "फर्डे, हे काय? तुमचा तक्ता, आणि वाकडा?" दामू म्हणाला, "हाय तसा हाय, साहेब." तीन वर्षं तो तक्ता रोज तसाच निघाला. सकाळी दामू कागद उचलायचा, पण उजेडात धरायचा नाही. सही करून माझ्याकडे द्यायचा.

दोन हजार नऊ साली नवीन यंत्रणा आली आणि तक्ता बंद झाला. शेवटचा कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला. सुटायची वेळ, कार्यालयात आम्ही दोघंच. मला राहवलं नाही. म्हटलं, "दामू, त्या दिवशी वायर मी काढली होती."

"म्हायत हाय," तो म्हणाला. "त्र्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. सहाच्या सहा लागोपाठ. वांदरं अशी रांगेनं नाय नेत."

"मग बोलला का नाहीस?"

"आकडा तर खराच व्हता. गेली ती गेली."

मी तो शेवटचा कागद हातात घेतला. तीच नागमोडी रेघ. म्हटलं, "एक शब्द आखूड केला असतास तर सरळ झाला असता रे. तुला येत नव्हतं असं थोडंच आहे. तीन वर्षं रोज सकाळी ही रेघ बघून तुझं पोट कसं दुखलं नाही?"

"दुखायचं की." दामूने रूळ पिशवीत घातला. "पण ताई, सरळ व्हता तवा त्या पोरीला हात वर करून बसाया लागलं."

मग तो पाच पंचवीसची किन्हवली एसटी धरायला गेला.